पगार चौपट, झोप निम्मी

सातपूरकर:
वडील १९८४ साली नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पर्मनंट झाले, तेव्हा आईनं गल्लीभर पेढे वाटले होते. सायकलवर फर्स्ट शिफ्ट, सिडकोत दोन खोल्या, स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणं. आज मी गंगापूर रोडला थ्री बीएचकेत राहतो, पगार त्यांच्या शेवटच्या पगाराच्या चौपट, आणि रात्री दोनला टक्क जागा. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं की एका देशात एका वेळी पाहिलं तर श्रीमंत गरिबांपेक्षा सुखी दिसतात, पण देशाचं उत्पन्न वर्षानुवर्षं वाढलं तरी समाधान त्या मानानं वाढत नाही. मागच्या वर्षीच्या पगारवाढीचा आनंद मला चार दिवस पुरला. पाचव्या दिवशी कळलं, माझ्याच बॅचचा एक जण पुण्यात दीडपट घेतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे: समृद्धीनंच आपलं सुख खाल्लं.

पंचवटीची_लेक:
दादा, आईला विचारलंत का? फर्स्ट शिफ्टचा डबा साडेपाचला तयार लागायचा. माझी आई चारला उठून नळाला हंडे लावायची, दुपारी रॉकेलच्या रांगेत. मला वॉशिंग मशीननं अजून तरी दुःखी केलेलं नाही. जुने दिवस गोड वाटणारे बहुतेक पुरुषच असतात, हे माझं निरीक्षण. राग आला तर येऊ द्या.

निफाडचा_बागवान:
तुमचं भांडण चालू द्या. पण समृद्धी म्हणजे नेमकं काय धरलंय? हायवेवरून माझा बंगला दिसतो, दारातली गाडी दिसते. विकास सोसायटीचं कर्ज दिसत नाही. द्राक्षाची फळछाटणी झाली, बाग फुलोऱ्यात आली आणि पाऊस आला की गळकूज, म्हणजे घड कुजून गळतात. त्यातून वाचली तर डावणी रोग, फवारणीवर फवारणी. माल तयार झाल्यावर पाऊस आला तर मणी तडकतात आणि व्यापारी फोन उचलत नाही. मी रात्री जागतो तो पुण्याच्या मित्रामुळं नाही, ढगांमुळं.

उगाच_बोलतो:
सातपूरकर, २०२५ च्या जागतिक आनंद अहवालात फिनलंड सलग आठव्यांदा पहिला आणि भारत १४७ देशांत ११८ वा. फिनलंड काय गरीब आहे? त्याच अहवालात हरवलेल्या पाकिटांचा भाग आहे. आपलं पाकीट परत मिळेल असं लोकांना जितकं वाटतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट पाकिटं प्रत्यक्षात परत येतात. माझं सीबीएस बसस्टँडला पडलं होतं. रिक्षावाल्यानं घरी आणून दिलं, चहाही घेतला नाही. आणि आमच्या सोसायटीत? पार्किंगच्या एका रेघेवरून दोन घरं तीन वर्षं बोलत नाहीत. पैशाला कशाला दोष देता?

सातपूरकर:
ताईंचं मान्य, बागवानांचं तर शंभर टक्के. पाकिटाचं तेवढं पटलं नाही. परत आलेलं पाकीट ईएमआय भरत नाही. पण लिहिता लिहिता एक लक्षात आलं. वडिलांना रिटायर होण्याची तारीख नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पाठ होती. आमच्याकडं दर मार्चला कामावरून कमी करायच्यांची यादी निघते. यंदा माझं नाव नव्हतं, शेजारच्या टेबलावरच्याचं होतं.

पंचवटीची_लेक:
मग तेच लिहायचं होतं ना! थ्री बीएचकेला कशाला आरोपी केलंत? आणि आईला विचारलंत का, ते राहिलंच.

सातपूरकर:
आत्ता विचारलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, “पर्मनंट व्हायच्या आधी पाच वर्षं ते टेम्पररीच होते. दर सहा महिन्यांनी ब्रेक. तेव्हा कुठं आम्हाला झोप लागायची?”