फ्रेंच हॉर्न आणि दोन तंबोरे: सा कुठला धरायचा, मींड कशी लिहायची?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका छोट्या मैफिलीसाठी एकटा फ्रेंच हॉर्न आणि मिरजेचे दोन तंबोरे, अशी साधारण ७ मिनिटांची नवी रचना लिहितो आहे. तबला नाही, लय मोकळी. वादकाकडे एफ आणि बी फ्लॅट असा डबल हॉर्न (एकाच वाद्यात दोन लांबीच्या नळ्या) आहे. स्टाफ नोटेशन तो सहज वाचतो, रागसंगीताची सवय मात्र नाही. हॉर्न एफचा म्हणून कच्चा आराखडा पांढरी चारमध्ये (म्हणजे एफ हा सा) केला आहे. वरच्या सप्तकात ओठ लवकर थकतात आणि गंधार तंबोऱ्याशी भांडतो, असं वादकाचं म्हणणं. सा बदलावा का? मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) कशाने काढायची आणि कागदावर कशी दाखवायची? नाट्यगृहात मंचावर बसायचं कसं, हेही सांगा.

खर्जातला
सा बदला, काळी एक (सी शार्प) घ्या. डबल हॉर्नची एफ बाजू लावून दुसरा आणि तिसरा व्हॉल्व्ह (नळी लांबवणारी कळ) एकत्र दाबला की नळी लांबून सूर दोन पूर्ण स्वरांनी उतरतो आणि काळी एकचा पूर्ण नैसर्गिक, म्हणजे व्हॉल्व्ह नसल्यासारखा, हॉर्न हातात येतो. हे दोन व्हॉल्व्ह दाबूनच ठेवायचे आणि स्वर ओठांनी बदलायचे. तुतारीवाल्याला हे सांगावं लागत नाही.

आठव्या ते सोळाव्या स्वरांशापर्यंत (स्वरांश म्हणजे एकाच नळीतून नुसत्या ओठांनी निघणाऱ्या नैसर्गिक स्वरमालिकेतला स्वर) पूर्ण सप्तक मिळतं: ८ सा, ९ रे, १० ग, १२ प, १५ नि, १६ सा. म्हणजे हंसध्वनी राग जसाच्या तसा, एकही बोट न हलवता. पांढरी चारमध्ये हेच सप्तक कागदावर वरच्या सी पर्यंत जातं, आणि ते हॉर्नचं जवळजवळ टोक आहे. काळी एकमध्ये ते जी शार्प ते जी शार्प एवढंच राहतं. (हॉर्नचं नोटेशन ऐकू येणाऱ्या स्वरापेक्षा पंचमाने वर लिहितात, हे धरून.) ओठांना केवढा फरक पडतो ते वादकच सांगेल.

गंधाराचं भांडणही यातच मिटतं. दहावा स्वरांश पियानोच्या गंधारापेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, आणि तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधारही नेमका तोच. वेगळा व्हॉल्व्ह दाबून पियानोच्या मापाचा ग काढला की तो तंबोऱ्यावर घासणारच. मालिका एकूणच चढी वाटली तर तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड थोडी बाहेर ओढा.

एक अडचण आहे. खालच्या सप्तकात नैसर्गिक स्वर फक्त सा, ग, प आणि एक उतरलेला कोमल नि. तिथे रे आणि शुद्ध नि हवे असतील तर व्हॉल्व्ह बदलावेच लागतात. रे पहिल्या व्हॉल्व्हवर चांगला बसतो. नि मोकळ्या एफ नळीवर येतो, पण सुमारे १४ सेंट चढा, म्हणून तिथे हात किंचित झाका असं लिहून द्या.

उजवा हात
मींडेचं बरंचसं काम घंटेतल्या (हॉर्नच्या रुंद तोंडातल्या) हाताचं आहे. बोटं घंटेच्या भिंतीला टेकलेली ठेवून तळवा मनगटातून हळूहळू मिटत आणायचा. पाऊण भाग झाकेपर्यंत स्वर साधारण अर्धा स्वर खाली सरकतो आणि आवाज धूसर होत जातो. मात्र घंटा पूर्ण घट्ट बंद केली की उलटं घडतं: स्वर मूळच्यापेक्षा अर्धा स्वर वर, धातूसारखा झणझणीत ऐकू येतो. मींडेत चुकून एवढा हात मिटला तर स्वर तुटतो. नवख्या वादकाचं बहुतेक वेळा इथेच बिनसतं.

नि वरून सा वर जायचं असेल तर पंधरावा वाजवूच नका. सोळावाच धरा, हात झाकून तो नि पर्यंत उतरवा आणि मग सावकाश उघडा. स्वर चढताना आवाजही उजळत जातो, हॉर्नवरची सगळ्यात सुंदर मींड ही. ग वरून रे अंतर मोठं, एकट्या हाताला ते पुरत नाही. दहावा हाताने अर्ध्या अंतरापर्यंत उतरवून ओठ नवव्यावर सोडायचे आणि त्याच क्षणी हात उघडायचा. प वरून ग कडे सावकाश याल तर मध्ये अकरावा डोकावणार. तो नको असेल तर ही मींड जलद लिहा. अर्धा दाबलेला व्हॉल्व्ह लांब मींड देतो, पण आवाज नाकात जातो, म्हणून अगदी हळू आवाजाच्या जागीच वापरा.

लिहिताना दोन स्वरांमध्ये तिरकी रेघ. अधिकचं चिन्ह फक्त पूर्ण बंदसाठी राखून ठेवा, उघड्यासाठी शून्य, अर्ध्यासाठी अर्धं भरलेलं वर्तुळ, आणि तिन्हींचे अर्थ पहिल्या पानावर. बंद स्वर जो ऐकू यायला हवा तोच लिहा. बंद केल्यावर स्वर अर्ध्याने चढतो, म्हणून अर्धा स्वर खालचं बोट कोणतं ते वादक एफ बाजूवर स्वतः बघतो. बी फ्लॅट बाजूवर हा हिशेब जुळत नाही. मंद्रात हाताने बंद स्वर नीट बोलत नाहीत, तिथे पितळी स्टॉप म्यूट (घंटेत बसवायचं, बंद हाताचं काम करणारं बूच) मागा आणि तो लावायला-काढायला दोन-तीन सेकंद सोडा.

कृष्णाकाठ
फारच उपयोगी. मग अकरावा, तेरावा आणि चौदावा गाळूनच टाकू?

खर्जातला
हंसध्वनीत त्यांना जागा नाही. मी गाळेन.

अकरावा स्वरांश
मी नाही गाळणार. अकरावा म आणि तीव्र म यांच्या बरोबर मध्ये पडतो, तेरावा कोमल आणि शुद्ध ध च्या मध्ये. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनने १९४३ च्या ‘सेरेनेड’ या रचनेमध्ये सुरुवातीचं आणि शेवटचं एकल हॉर्नवादन व्हॉल्व्हशिवाय मागितलं आहे, आणि हे स्वर तसेच राहू दिले आहेत. बेसूर ठरवून ते सुधारले असते तर त्यातली ओढच गेली असती. पण ते मध्येच शिंपडू नका. आधी चारेक मिनिटं हंसध्वनी कानात मुरू द्या, मग एकदाच अकरावा लांब धरा आणि प वर सोडा. कागदावर बाणाचं चिन्ह हवं, नाहीतर वादक सवयीने तो दुरुस्त करेल.

आणखी एक: वाजवता वाजवता गाणं. मंद्र सा वाजवायचा आणि त्यावरचा प तोंडाने गायचा. दोन्ही अचूक लागले की खाली खर्जाचा सा आणि वर ग आपोआप उमटतो. प जरा हलला की नुसती घरघर. पुरुष वादकाला काळी एकमध्ये हा प आरामात गाता येतो.

जव्हारी
तंबोऱ्याकडून थोडं. दोन्ही मर्दानी, काळी एकचे घ्या. एकाची पहिली तार प मध्ये, दुसऱ्याची नि मध्ये. हा नि पेटीवरून लावू नका. हॉर्नवाल्याला पंधरावा धरायला सांगून त्याच्याशी जुळवा. जव्हारी (घोडीचा तार झंकारवणारा पृष्ठभाग) मिरजेतच कारागिराकडून उघडून घ्या, तिच्यावर तारेखालचा दोरा नवा घाला.

तंबोरे हॉर्न तापल्यावरच लावा. गार हॉर्न उतरलेला असतो, १०-१५ मिनिटं फुंकल्यावर चढतो. हवा एका अंशाने तापली की हॉर्न सुमारे ३ सेंट चढतो आणि तंबोऱ्याची तार उतरते. मंचावरचे दिवे लावूनच शेवटचं जुळवणं करा.

हॉर्नची घंटा मागे आणि उजवीकडे तोंड करून असते. नाट्यगृहात मागे जाड पडदा असतो, तो आवाज पिऊन टाकतो. घंटेमागे दीड-दोन मीटरवर प्लायवुडचा फळा उभा करा. तंबोरे डावीकडे ठेवा आणि माइक फक्त त्यांनाच द्या.

नळीत पाणी साचून आवाज गुडगुडतो, म्हणून मध्यावर १५-२० सेकंद नुसते तंबोरे लिहा. तेवढ्यात स्लाइड काढून पाणी झटकता येतं आणि ओठांनाही उसंत मिळते. सातपैकी पाच मिनिटांहून जास्त वाजवणं त्याच्यावर टाकू नका.