खुला (मुस्लिम बायकोने स्वतः मागितलेला तलाक) घेतला की मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली रक्कम) आणि मुलांचा खर्च दोन्ही जातं का?

खाडीपट्टा:
खेड तालुका. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. नवरा कतारला. पैसे सासऱ्यांच्या खात्यात येतात, बायकोच्या हाती अडीच वर्षांत दमडी नाही. ती माहेरी. जमातीतले म्हणतात, खुला घे, मेहर माफ कर, मुलांचा खर्च मागू नको, सही लगेच मिळेल. बरोबर आहे का?

काळा कोट:
सही थांबवा, भाऊ. खुला बायको मागते, म्हणून मेहरवर घासाघीस होते. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात दोन वर्षं खर्च न देणं हे एकच कारण कोर्टातून निकाह फस्ख, म्हणजे रद्द, करायला पुरतं, आणि कलम ५ प्रमाणे मेहरचा हक्क शाबूत राहतो. वेळ मात्र लागतो. नवरा आखातात असला की समन्स बजावण्यातच महिने जातात. तिच्या पासबुकाची अडीच वर्षांची पानं आधी काढून ठेवा.

मुलांचा हक्क आईला सोडताच येत नाही. ‘खर्च मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच’ असं ऐकवतील. १९९७ च्या नूर सबा खातून निकालात सुप्रीम कोर्टाने ते खोडून काढलंय. खुलानाम्यात ‘पोटगी स्वखुशीने सोडली’ हे वाक्य येऊ देऊ नका, पुढे तेच तिच्यावर उलटतं.

शाई-दौत:
निकाहनाम्यात मेहरपुढे काय लिहिलंय? ‘मुअज्जल’ हे उर्दूत लिहिताना दोन वेगळे शब्द आहेत, कानाला एकच. त्यात ‘ऐन’ हे अक्षर असेल तर मागताक्षणी द्यायचा, हमजाची खूण असलेलं ‘वाव’ अक्षर असेल तर उधार, तलाक किंवा मृत्यूनंतरचा. मराठीत टाइप केलं की फरक पुसला जातो. काझींच्या रजिस्टरातलं मूळ पान बघा.

जमातवाला:
मुलगा सातचा झाला म्हणून बापाकडे, हे हनफी मत. आपण कोकणातले मुस्लिम बहुतेक शाफई (हनफीसारखाच सुन्नींचा दुसरा पंथ), इथे समज आलेल्या मुलालाच विचारतात. कोर्ट मुळात मुलाचं हित बघतं.

सूरह निसाची ३५ वी आयत दोन्हीकडचा एकेक पंच सांगते. बैठकीला मात्र चौघंही नवऱ्याच्याच मोहल्ल्यातले! आणि इथे बिघडलंय ते नवरा-बायकोत कमी, खात्यात जास्त. सहा महिने ठरलेली रक्कम थेट तिच्या खात्यावर येऊ दे, मग बोला.

काळा कोट:
तसं करायचं तर समझोता लेखी हवा, मागची थकबाकी त्यात नोंदवून. नाहीतर दोन हप्ते टाकून ‘खर्च देतोय की’ म्हणायला तो मोकळा, आणि दोन वर्षांचं कारण लंगडं पडतं.

खाडीपट्टा:
आमच्याकडे मराठी टाइपच आहे, नुसतं ‘मुअज्जल’. उद्या काझींकडे जातो.