मदत हवी आहे: रोडमॅप ठरतो आणि सेल्स हेड परस्पर भलतंच कबूल करून येतात

टोकदार_पेन्सिल:
लवकर उत्तर हवंय, सोमवारी फाउंडरसोबत बसायचंय. मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे. तिमाहीचा रोडमॅप, म्हणजे काय काय बनवायचं ते, ठरतो, सगळे माना डोलावतात. आठवडा जात नाही तोच सेल्स हेड कुठल्यातरी गिऱ्हाइकाला काहीतरी शब्द देऊन येतात आणि थेट डेव्हलपरच्या खुर्चीमागे उभे राहतात, "एवढं करून टाक रे." तो करतो. ठरलेलं मागे पडतं आणि उशीर माझ्या नावावर. फाउंडर म्हणतात, लीडरशिप दाखव. माझ्या हाताखाली एकही माणूस नाही, कुणाला दाखवू? पुस्तकांची यादी कृपया नको.

चकली:
कंपनी केवढी? प्रॉडक्ट कसलं? सेल्स हेड कुणाला रिपोर्ट करतात? एवढ्या माहितीवर काय सांगणार?

भाऊसाहेब:
राइस स्कोअरिंग लावा, म्हणजे प्रत्येक कामाला गुण द्या. रीच (किती जणांना उपयोग), इम्पॅक्ट (किती फरक पडेल) आणि कॉन्फिडन्स (किती खात्री) यांचा गुणाकार, भागिले एफर्ट (किती मेहनत). आकडा मोठा तो आधी. आमच्याकडचे सगळे वाद यानेच मिटले. शीट तयार आहे, व्यनि करा.

बेरकी:
भाऊसाहेब, इम्पॅक्टला ३ द्यायचे की ०.५, हे कोण ठरवणार? सेल्सवाला स्वतःच्या प्रत्येक मागणीला ३ देणार. वाद मिटत नाही, फक्त शीटमध्ये जाऊन बसतो.

भाऊसाहेब:
म्हणून तर कॉन्फिडन्सचा रकाना आहे. पुरावा नसेल तर ५० टक्के धरायचे. आधी वापरून बघा, मग बोला.

बेरकी:
वापरलंय. म्हणूनच बोलतोय.

दूरदेशी:
सीएसपीओ, म्हणजे प्रॉडक्ट ओनरचं सर्टिफिकेट, करून टाका. दोन दिवसांचा कोर्स, परीक्षा नाही, नावापुढे लावता येतं. इकडे टोरांटोत बऱ्याच जाहिरातींत मागतात.

टोकदार_पेन्सिल:
@दूरदेशी, मी नोकरी शोधत नाहीये.
@चकली, चाळीसेक माणसं, सहा डेव्हलपर. डिस्ट्रिब्युटर लोकांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर. सेल्स हेड थेट फाउंडरना. आता सांगा.

कोडखाऊ:
मी त्या खुर्चीत बसणारा, म्हणून राहवलं नाही. सेल्सवाला येतो तेव्हा गिऱ्हाइकाचं नाव सांगतो, त्याचं काय अडलंय ते सांगतो, कधीकधी फोनच हातात देतो. पीएमकडून, म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजरकडून, जिराचं तिकीट येतं, कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमधली एक नोंद. मग आम्ही कुणाचं काम आधी घेणार? आमच्या आधीच्या पीएमबाईंनी मला महिनाअखेरीला मार्केट यार्डातल्या एका दुकानात काउंटरमागे उभं केलं होतं. बिल करणारा पोरगा माऊसला हातसुद्धा लावत नव्हता, सगळं कीबोर्डवर. आम्ही मात्र महिनाभर बटणांचे रंग ठरवत होतो. त्यानंतर बाईंच्या तिकिटांवर मी कधी वाद घातला नाही.

मी_पुणेकर:
मार्केट यार्डात बिल देतात? कुठला गाळा म्हणालात?

कोडखाऊ:
भुसार विभागात देतात हो. मागावं लागतं.

मी_पुणेकर:
अवांतर: तिथे दुचाकी लावायला जागा मिळाली की नाही, तेही सांगा.

चकली:
अवांतर पुरे. पेन्सिलताई, बिलिंग म्हणताय तर एक सांगा. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलने दर बदलले आणि २२ सप्टेंबरपासून लागू केले. तेव्हा तुमच्याकडे काय झालं?

टोकदार_पेन्सिल:
ते वेळेत झालं. यादी मीच केली, कोण काय करणार तेही मीच लावलं. सेल्सनेसुद्धा तेवढे दिवस एक मागणी आणली नाही. पण त्याचा इथे काय संबंध?

चकली:
तोच तर संबंध आहे. तेव्हाही तुमच्या हाताखाली कुणी नव्हतं, तरी सगळ्यांनी ऐकलं. कारण काम झालं नाही तर २२ तारखेला गिऱ्हाइकाचं बिल चुकीच्या दराने निघणार, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला दिसत होतं. एरवी तुमच्या रोडमॅपमधलं काही राहिलं तर कुणाचं काय बिघडतं, ते फक्त तुम्हाला माहीत असतं. आत्ता मागे पडलेलं एक काम सांगा.

टोकदार_पेन्सिल:
ई-इनव्हॉइस सरकारी पोर्टलवर चढवायची राहिली असतील तर मुदतीआधी सूचना देणारं फीचर.

चकली:
घ्या! १० कोटी किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्यांना १ एप्रिल २०२५ पासून इनव्हॉइसच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर चढवावं लागतं, नंतर पोर्टल घेतच नाही. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी त्यात किती बसतात आणि किती जणांचं अडलं, हे सपोर्टच्या तक्रारींतून काढा. सोमवारी एकच पान न्या: या तिमाहीत ऐनवेळी काय काय शिरलं, कुणासाठी, त्यातून पैसे किती आले, आणि त्यापायी काय राहिलं. पैसे खरंच आले असतील तर तेही लिहा, लपवू नका. तक्रार करू नका, निर्णय मागा. टीमच्या वेळेतला किती वाटा सेल्सच्या मागण्यांना द्यायचा, हे फाउंडरनी ठरवावं. पाचातला एक दिवस म्हणाले तर एक. त्या वाट्यात आधी काय करायचं ते सेल्स हेडनी ठरवावं, तुम्ही मध्ये पडू नका. वाटा संपला की पुढची मागणी पुढच्या तिमाहीत.

टोकदार_पेन्सिल:
हे जमेल असं वाटतंय. एक सांगायचं राहिलं. सेल्स हेड फाउंडरचे मेहुणे आहेत.

बेरकी:
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं ताई! मालकाचा मेहुणा असेल तर वाटाबिटा काही चालत नाही. सीव्ही तयार ठेवा.

भाऊसाहेब:
उलट नातं असलं की आकडेच उपयोगी पडतात. आकड्यांना नातं नसतं. शीट पाठवू का?

चकली:
बेरकी, फरक पडतो हे मान्य. पण नोकरी सोडायचीच असेल तर ते पान देऊनही सोडता येते. पेन्सिलताई, ते पान मीटिंगच्या आधी मेहुण्यांना एकट्याला दाखवा. मेहुण्याच्या मागण्यांचा हिशेब त्याला भावजींसमोर पहिल्यांदा दिसला, तर तो बिथरणारच. आधी दाखवलंत तर निदान पैशांचा रकाना तरी स्वतः दुरुस्त करून देईल, आणि मग तो आकडा दोघांचा होतो. सोमवारी जे ठरेल ते संध्याकाळीच सगळ्यांना मेल करा, डेव्हलपरसकट.

कोडखाऊ:
डेव्हलपरसकट याला +१. आम्हाला कायम चहाच्या टपरीवर कळतं.

टोकदार_पेन्सिल:
मेहुणे शनिवारी ऑफिसात असतात. सपोर्टच्या तक्रारी आज रात्री काढायला घेते. @भाऊसाहेब, शीट नको.