गाडी ठोकलेली आहे का, हे घेण्याआधी कसं ओळखायचं?

नवा_चालक
सेकंड हँड हॅचबॅक बघून आलोय. दिसायला चकाचक, मालक म्हणतो ॲक्सिडेंट नाही, फक्त पुढचा बंपर घासला म्हणून रंगवला. पण बॉनेट आणि उजव्या फेंडरमधली फट डावीकडच्यापेक्षा जास्त वाटली आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. घरच्यांना घेऊन फिरणार त्यात, म्हणून विचारतो, टोकन देण्याआधी काय काय बघू?

पाना_पकड
बंपरचं सोडा हो, ते प्लास्टिक आहे, रंगवलं तर रंगवलं. बॉनेट उघडा आणि फेंडरचे बोल्ट नीट बघा. बऱ्याच गाड्यांत कंपनीत बॉडीबरोबर बोल्टही रंगतात, त्यामुळे डोक्यावरचा रंग अखंड असतो, एकदा पाना लागला की कोपऱ्यांवरचा रंग उडतो आणि बोल्ट जरा सरकून बसला असेल तर बाजूला जुन्या जागेची चंद्रकोरीसारखी खूण दिसते. पण फेंडर बदललं म्हणजे गाडी वाया गेली असं अजिबात नाही! खरं बघायचं ते आतलं, म्हणजे एप्रन (फेंडरच्या आतला, चाकावरचा पत्रा), रेडिएटरचा सपोर्ट (रेडिएटर धरणारी पुढची चौकट), चासीचे रेल (सांगाड्याचे लांब मजबूत दांडे). दरवाज्याचं रबर बीडिंग थोडं ओढून बघा, खाली स्पॉट वेल्डिंगचे गोल खड्डे सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. तिथे ग्राइंडर फिरवल्याच्या रेघा, जाड सीलंट किंवा वेडंवाकडं वेल्डिंग दिसलं तर गाडी सोडून द्या. डिकीतली स्टेपनी काढून तिथला पत्राही बघा, मागून ठोकलेली असेल तर सुरकुत्या तिथेच सापडतात.

मायक्रॉन
रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), पुन्हा रंगवलेला 200-300 च्या आसपास, आणि आकडा 500 च्या वर गेला की खाली पुट्टी, म्हणजे पोचा भरायचा लेप, आहे असं समजा. प्लास्टिकवर साधं मीटर चालत नाही. छत पण मोजा, तिथे पुट्टी निघाली तर गाडी पलटी झालेली असू शकते.

सीटबेल्ट_आधी
एअरबॅगचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहिते. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. अजिबात लागलाच नाही तर जास्त घाबरा, उडालेल्या एअरबॅगा न बदलता दिवाच बंद करून ठेवणारे असतात. बेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि टोकाच्या टॅगवरची तारीख बघा, गाडीपेक्षा नवीन निघाली तर का बदलला ते विचारा.

नवा_चालक
आज परत जाऊन आलो. उजव्या फेंडरच्या बोल्टांचा रंग उडालाय, एअरबॅगचा दिवा मात्र बरोबर लागून विझतो. एप्रन नीट दिसला नाही, बॅटरी आड येते.

पाना_पकड
मग लिफ्टवर चढवायला सांगा आणि सोबत तुमचा मेकॅनिक न्या, मालकाचा नको. एप्रन आणि रेल सरळ असतील तर फेंडरचे पैसे कमी करून घ्या आणि बिनधास्त घ्या गाडी. लिफ्टला नाही म्हणाला तर टोकन देऊ नका.