प्रतिसाद: १९९१च्या आधीचंही बघा ना

'अल्टरनेटिव्ह रॉक (मुख्य प्रवाहाबाहेरचं रॉक संगीत) निर्वाणा या बँडपासून, म्हणजे १९९१ला सुरू झालं' हे वरच्या प्रतिसादातलं विधान पटलं नाही. आम्हा इंदूरकरांना तसं वाटणं साहजिक आहे म्हणा. राजवाड्याजवळच्या कॅसेटवाल्याकडे निर्वाणाचा १९९१चा अल्बम 'नेव्हरमाइंड' मिळाला तेव्हाच हा प्रकार कळला. पण आर.ई.एम. या अमेरिकी बँडचा 'मर्मर' अल्बम १९८३चा! तेव्हा अमेरिकेत असली गाणी वाजायची ती मुख्यतः कॉलेजांच्या रेडिओवर, आणि अल्बम काढायच्या बहुतेक छोट्या कंपन्या. निर्वाणाचा गायक कोबेन यानं तर स्वतःच सांगितलंय, की 'नेव्हरमाइंड'मधलं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' हे गाणं करताना तो पिक्सीज या बँडची नक्कल करू बघत होता. कडवं दबक्या आवाजात, मग धृपदाला एकदम भडका. पिक्सीजचा 'सर्फर रोझा' १९८८चा, तो ऐकलात की लगेच लक्षात येईल.

१९९१नं बदललं ते गिऱ्हाईक. जानेवारी १९९२मध्ये 'नेव्हरमाइंड'नं मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला बिलबोर्ड या अमेरिकी अल्बम-यादीतल्या पहिल्या जागेवरून हटवलं, आणि मोठ्या कंपन्या असल्या बँडांच्या शोधात सिएटल शहराकडे धावल्या. त्यातून पुष्कळ भरताडही आलं.

माझ्या मते खरी हिंमत रेडिओहेड या ब्रिटिश बँडची. 'ओके कम्प्युटर' हा अल्बम (१९९७) एवढा गाजल्यावर २०००च्या 'किड ए'त त्यांनी गिटारी बऱ्याचशा बाजूलाच ठेवल्या. आमच्या इथल्या मंडळींना तो अजून पचलेला नाही. भिया, हेडफोन लावून ऐका एकदा.