टॉवर सांगेल ते डोळे झाकून ऐकायचं का? लेक पायलट होतेय, म्हणून विचारतोय

वारुंजीकर
नमस्कार मंडळी. आमचं रान कराडच्या धावपट्टीजवळ. कोयना धरणाच्या कामासाठी बांधलेली ही पट्टी. उसाला पाणी पाजताना वर शिकाऊ विमानं बघतच थोरली मोठी झाली. आता ती परराज्यात पायलटचं शिकतेय. परवा फोनवर सांगत होती, टॉवरने (विमानतळावरून सूचना देणाऱ्या कंट्रोलरने) एक उंची दिली, बरोबरच्या मुलाने भलतीच ऐकली आणि तो खाली आला. जवळ दुसरं विमान नव्हतं म्हणून निभावलं. तो रिपोर्ट लिहायला निघाला, तर सीनियर म्हणाले, "गप बस, लायसन्सवर येईल." हरियाणात चरखी दादरीला 1996 मध्ये दोन विमानं धडकून 349 माणसं गेली, तीही उंची चुकल्यानेच ना? पोरीला काय सांगू?

वाईचा निवृत्त कंट्रोलर
दादा, डोळे झाकून अजिबात नाही. आणि लपवायचं तर मुळीच नाही.

कंट्रोलरने उंची दिली की पायलट तोच आकडा परत म्हणतो, त्याला रीडबॅक म्हणतात. तो कान देऊन ऐकणं आणि चुकला तर तिथल्या तिथे दुरुस्त करणं हे कंट्रोलरचं काम. त्या मुलाने चुकीचा आकडा म्हटला आणि टॉवरने तो पकडला नाही, असं असेल तर चूक दोघांची. रिपोर्ट दाबला तर टॉवरची बाजू कधीच उघडी पडणार नाही.

1 डिसेंबर 1974 ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं बोइंग 727 डोंगरावर आदळलं, 92 जण गेले. कंट्रोलरने अप्रोचची, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याची, परवानगी दिली होती. पायलट धरून चालले की परवानगी आहे म्हणजे खाली डोंगर नाही, आणि 1800 फुटांकडे उतरू लागले. सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं एक विमान तिथेच असंच थोडक्यात वाचलं होतं! युनायटेडने आपल्या पायलटांना सावध केलं, टीडब्ल्यूएपर्यंत ते पोचलंच नाही. म्हणून 1976 मध्ये तिकडे गोपनीय रिपोर्टची सोय झाली. रिपोर्ट जातो नासाकडे, लायसन्स काढून घेणाऱ्या एफएए या सरकारी विमान खात्याकडे नाही. नाव काढून टाकतात, आणि दहा दिवसांत कळवलं तर अनवधानाने झालेल्या चुकीची शिक्षा माफ होते.

आपल्याकडे स्वेच्छेने दिलेला रिपोर्ट डीजीसीए या सरकारी विमान खात्याकडे जातो आणि लायसन्सही डीजीसीएच्याच हातात. इथे त्रयस्थ संस्था हवीच, हे माझं ठाम मत आहे.

मिरज लोको पायलट
साहेब, मी आणि माझा असिस्टंट प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतो, तुमच्या रीडबॅकसारखंच. पण लाल ओलांडला तर आमच्यावर कडक कारवाई होते, आणि ती व्हावीच असं मला वाटतं. मागे हजारभर माणसं बसलेली असतात. सगळ्यांनाच माफी दिली तर बेफिकिरी वाढणार नाही का?

वाईचा निवृत्त कंट्रोलर
सगळ्यांना नाही. जाणूनबुजून नियम मोडणारा, गुन्हा करणारा, यांना नासाच्या योजनेतही सूट नाही. अपघातालाही नाही. पण शिक्षा कुणाला, हे नीट बघायला हवं. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनवर दोन विमानं धडकली, 71 मेले. तिथलं आकाश सांभाळणाऱ्या स्वित्झर्लंडच्या झुरिकला एकटा कंट्रोलर दोन स्क्रीन सांभाळत होता. जोडीदार विश्रांतीला गेलेला, आणि कंट्रोलरांची कंपनी हे चालवून घेत होती. फोनची मुख्य लाइन दुरुस्तीसाठी बंद. त्याने रशियन विमानाला खाली यायला सांगितलं, विमानातलं टीकॅस हे धडक टाळणारं यंत्र सांगत होतं वर जा. पायलटांनी माणसाचं ऐकलं. समोरच्या कार्गो विमानाने यंत्राचं ऐकलं, तेही खालीच आलं. 2004 मध्ये मृतांच्या एका नातेवाइकाने त्या कंट्रोलरचा खून केला. कंपनीच्या मॅनेजरांना कोर्टाने दोषी धरलं ते 2007 मध्ये. एकट्या माणसाला धरून मोकळं होणं किती सोपं असतं बघा.

आता नियम पक्का आहे: टीकॅसने वर-खाली सांगितलं की टॉवर काहीही म्हणो, यंत्राचंच ऐकायचं.

वारुंजीकर
लेकीला सगळं वाचून दाखवलं. ती विचारतेय, शिकाऊ मुलीने टॉवरला "जमणार नाही" म्हटलेलं चालतं का?

वाईचा निवृत्त कंट्रोलर
चालतं. "अनेबल" म्हणायचं आणि कारण थोडक्यात सांगायचं. नीट ऐकू आलं नाही तर "से अगेन", हवं तितक्या वेळा. न कळता "रॉजर" (ऐकलं) म्हणणाऱ्याचीच आम्हाला धास्ती. आणि त्या मुलाला म्हणावं, शाळेच्या सेफ्टी मॅनेजरला आजच लेखी दे. टॉवरचं रेकॉर्डिंग किमान 30 दिवस ठेवावं लागतं. तेवढ्यात कागद गेला तर दोन्हीकडचं बोलणं ऐकता येईल.