मदत हवी आहे: ठेक्यावरच्या सफाई कामगारांचा पीएफ कापला जातो, पण खात्यात दिसत नाही

खाडीकाठ:

नमस्कार. मी कोकण किनाऱ्यावरच्या एका छोट्या शहरात राहते. शहराचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ज्यांच्यासाठी विचारते आहे त्यांचं काम मुकादमाच्या एका शब्दावर टिकून आहे.

आमच्या नगरपरिषदेची घंटागाडी, गटारसफाई, मच्छी मार्केट धुणं आणि किनाऱ्याची स्वच्छता हे सगळं ठेक्यावर चालतं. कायम सफाई कामगार एकेक करून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसं आली. आमच्या आळीत येणाऱ्या दोन मावश्या आणि गाडीवरचा दादा यांना मी बरीच वर्षं ओळखते. ठेकेदार बदलत गेले, माणसं तीच राहिली. पावसाळ्यात भरतीच्या वेळी मोठी सर आली की आमच्या खालच्या आळीत पाणी साचतं, कारण गटारांचं पाणी खाडीत उतरतच नाही. तेव्हा हीच माणसं त्या पाण्यात उभी राहून जाळीत अडकलेला कचरा हाताने ओढून काढतात. पायात गमबूट असलाच तर तो स्वतःच्या पैशांनी घेतलेला. मच्छी मार्केटमध्ये तर हातमोज्यांशिवाय काम म्हणजे रोजचा धोका आहे. शिंगाळ्याचा काटा रुतला की हात सुजतो, आणि सुजलेल्या हाताने कामावर नाही गेलं तर त्या दिवसाचा खाडा लागतो.

आता मूळ अडचण. एका मावशींना घराच्या छपरासाठी पैसे हवे होते. दर महिन्याला पगारातून पीएफ कापला जातो, तेव्हा त्यातले थोडे काढावेत असं त्यांनी ठरवलं. सायबर कॅफेतल्या मुलाने पासबुक उघडून दिलं, तर मधल्या कितीतरी महिन्यांची रक्कम जमाच नाही. आधीच्या ठेकेदाराच्या वेळचं खातं वेगळंच निघालं, आणि त्यात नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसल्यामुळे तेही अडकलं. वेतनचिठ्ठी कुणालाच मिळत नाही. पगार बँकेत होतो, पण कधी होईल याचा नेम नाही.

नगरपरिषदेत चौकशी केली तर उत्तर मिळालं, ‘ती ठेकेदाराची माणसं आहेत, आमचा संबंध नाही.’ ठेकेदाराचा माणूस म्हणतो, ‘नगरपरिषदेनं बिल काढलं नाही, मी कुठून देऊ?’ दोघांच्या मध्ये ही माणसं भरडली जात आहेत.

मला विचारायचं आहे ते हे. नगरपरिषदेची खरंच काही जबाबदारी नसते का? पीएफ भरला की नाही हे कुठून आणि कसं तपासायचं? आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं: तक्रार कुणाच्या नावाने करायची, म्हणजे कामगारांवर गदा येणार नाही? मागे एकाने तोंड उघडलं होतं, तर दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं. त्यामुळे मावश्या स्वतः अर्ज करायला तयार नाहीत, आणि त्यांना तसा आग्रह करणं मला पटत नाही. मी कर भरणारी नागरिक आहे, माझ्या नावाने जे करता येईल ते करायला तयार आहे.

कुणी नगरपरिषदेत, कामगार कार्यालयात किंवा पीएफच्या कामात असेल तर कृपया मार्ग सांगा.

लेखाशीर्ष:

मी नगरपरिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. ‘आमचा संबंध नाही’ हे उत्तर ताईंना ज्याने दिलं त्याला एकतर माहिती नाही, किंवा माहिती असून तो टाळतो आहे. नगरपरिषद इथे मूळ मालक आहे, म्हणजे काम तिचं आणि ठेकेदाराकडून ते करून घेणारी तीच. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात कलम २१ मध्ये स्पष्ट होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही हे तत्त्व कायम आहे. पीएफचंही तसंच. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेच्या परिच्छेद ३० प्रमाणे ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरली जाते की नाही याची अंतिम जबाबदारी मूळ मालकावर येते. आणि ठेकेदाराचा ‘बिल निघालं नाही’ हा बचावही चालत नाही. मजुरी पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावी लागते, बिल निघो वा न निघो. तेवढं भांडवल आहे असं सांगूनच त्याने निविदा भरलेली असते.

पैसा कुठे अडतो ते समजून घ्या, म्हणजे कुठे बोट ठेवायचं ते कळेल. ठेकेदार दर महिन्याला देयक सादर करतो. त्यासोबत हजेरीपट, बँकेतून पगार दिल्याचा पुरावा आणि आधीच्या महिन्याचं पीएफचं चलन (वर्गणी भरल्याची पावती) जोडलेलं असावं अशी अट बहुतेक निविदांमध्ये घातलेली असते. स्वच्छता निरीक्षक काम झाल्याचं प्रमाणित करतो, लेखा विभाग कागद तपासतो, मुख्याधिकारी सही करतात आणि रक्कम सुटते. चलन नसताना बिल निघालं असेल तर चूक नगरपरिषदेच्या आतली आहे, आणि तिचा माग फाइलमध्येच सापडतो. माझ्या नोकरीत मी असं पाहिलं आहे की चलन जोडलेलं असतं, पण ते ठेकेदाराच्या दुसऱ्याच कामावरच्या माणसांचं असतं. चलनावरची कामगारांची संख्या आणि हजेरीपटावरची संख्या समोरासमोर ठेवली की लगेच कळतं. पण ते ठेवून बघणारा कुणीतरी लागतो.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: तक्रारीने सुरुवात करू नका, माहितीच्या अधिकाराने करा, आणि तुमच्या नावाने करा. कामगारांचा त्यात उल्लेखही नको. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून पाल्हाळ नको. गेल्या आर्थिक वर्षातील घनकचरा ठेक्याचा कार्यादेश, करारनामा व अटी-शर्ती, प्रत्येक महिन्याच्या देयकासोबत जोडलेल्या पीएफ चलनांच्या प्रती, आणि महिनावार कामगारसंख्या, एवढंच मागा. कामगारांची नावं, खाते क्रमांक मागू नका. खाजगी माहिती म्हणून नाकारतील आणि त्या निमित्ताने बाकीचंही लांबवतील. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा.

अर्जाचीही वाट न पाहता करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. २०१८ साली सामान्य प्रशासन विभागाने परिपत्रक काढून दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असं सांगितलं, त्यात स्थानिक स्वराज्य संस्थाही येतात. छोट्या गावात हे फार कमी लोक वापरतात. सोबत आणखी एखादा नागरिक घेऊन जा आणि ठेक्याची फाइल पाहायला मागा. मुख्य म्हणजे चिडून बोलू नका. लेखा विभागातला कारकून बहुतेक वेळा तुमच्याच बाजूचा असतो, कारण लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

कागद हाती आल्यावर त्यांच्या प्रती जोडून मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या, आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका शाखेच्या अधिकाऱ्यांना आणि सरकारी कामगार अधिकाऱ्यांना द्या. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर अनेक नगरपरिषदांत बऱ्याच वर्षांनी नगरसेवक आले आहेत. तुमच्याकडेही असतील तर प्रभागाच्या नगरसेवकाला सभेत एवढाच प्रश्न विचारायला सांगा, की चलन पाहिल्याशिवाय बिल कोणत्या नियमाने काढलं. तो प्रश्न इतिवृत्तात आला की पुढचं बिल तसं काढायला हात धजावत नाही.

पीएफनोंद:

पीएफ सल्लागार म्हणून काम करते, म्हणून फक्त त्या बाजूचं लिहिते.

पासबुक पाहायला सायबर कॅफे लागत नाही. यूएएन (पीएफ सभासदाचा कायमचा क्रमांक) चालू असेल आणि मोबाइल जोडलेला असेल तर त्याच मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की शेवटची जमा रक्कम संदेशात येते. सरकारच्या उमंग ॲपवर पूर्ण पासबुक दिसतं. हे प्रत्येक कामगाराने आपापलं गुपचूप तपासलं तर कुणाला कळायचं कारणच नाही. ठेकेदाराने त्या महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, त्यामुळे दर महिन्याच्या अखेरीस बघायची सवय लावा. कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, म्हणून दोन्ही रकमा पासबुकात सारख्या दिसत नाहीत. हे पाहून बायका घाबरतात, त्यांना समजावून सांगा.

नोकरी सोडल्याची तारीख जुन्या ठेकेदाराने भरली नसेल तर त्याच्या मागे फिरायला नको. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले असतील तर सभासद ती तारीख स्वतः ऑनलाइन भरू शकतो. आधार आणि मोबाइल जोडलेले हवेत. नंतर जुनं खातं नव्यात वर्ग करून घ्या. दोन यूएएन असतील तर चालू ठेवा तो सध्याचा.

पगारातून कापलेली वर्गणी न भरणं हा फक्त उशीर नाही, तो फौजदारी विश्वासघात ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये हे आहे. पीएफ कार्यालय अशा थकबाकीची चौकशी लावतं, आणि त्यात मूळ मालकालाही बोलावता येतं. दुसरं म्हणजे दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ नावाचं शिबिर भरतं. २७ ला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पीएफचं कार्यालय किनाऱ्यावरच्या गावांपासून लांब असतं, म्हणून हे सोयीचं आहे. जागा आधी विचारून घ्या.

आरोग्यवाट:

मी शासकीय रुग्णालयात काम करते. पीएफचं वरच्यांनी सांगितलं आहेच, पण ताईंनी पाण्यात उभं राहण्याबद्दल लिहिलं ते वाचून राहवलं नाही. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि पायाला जखम किंवा चिखल्या असतील तर तो शरीरात शिरायला वाट मिळते. कोकणात दर पावसाळ्यात रुग्ण येतात. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं अशी लक्षणं दिसली तर अंगावर काढू नये, आणि डॉक्टरांना ‘मी गटारात काम करते’ हे आधी सांगावं. ते कळलं नाही तर साधा ताप समजला जाऊ शकतो. असं काम करणाऱ्यांना पावसाळ्यात डॉक्सीसायक्लिन प्रतिबंधासाठी देता येतं, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि गरोदर बायकांना नाही. नगरपरिषदेने आरोग्य केंद्राला पत्र दिलं तर सगळ्यांची एकत्र तपासणी होऊ शकते. यात कुणाविरुद्ध तक्रार नाही, तेव्हा आधी हेच मागा.

गमबूट, हातमोजे, रेनकोट, मास्क आणि चमकणारं जाकीट देणं हे २०१६ च्या घनकचरा नियमांत स्थानिक संस्थेचं काम म्हणून लिहिलेलं होतं. ती मेहेरबानी नव्हे.

खाडीकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. मिस्ड कॉलचं मी आजच दोघींना सांगितलं. एकीचा मोबाइल जोडलेला निघाला, दुसरीचा नंबर बदलला आहे, तिला शिबिरात घेऊन जाईन.

एक गोष्ट पहिल्या लेखनात लिहायची राहिली. सार्वजनिक शौचालयाची टाकी तुंबली की दादाला ‘जरा आत उतरून बघ’ असं सांगितलं जातं. आमच्याकडे भुयारी गटारं नाहीत, सगळं सेप्टिक टाकीवर आहे. तो अजून उतरलेला नाही, पण नाही कसं म्हणायचं हे त्याला कळत नाही.

लेखाशीर्ष:

ताई, याबाबत सबुरी नको. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं हा हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तोंडी सांगितलं तरी. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, आणि ती जबाबदारी टाळता येणार नाही अशीच न्यायालयाची भूमिका आहे. वरून टाकी स्वच्छ दिसते, पण आतल्या वायूने माणूस दोन श्वासांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. दादाला एवढंच म्हणायला सांगा: ‘साहेब, लेखी आदेश द्या.’ असा आदेश कुणीही देणार नाही. टाकीसाठी मैलाउपसा गाडी बोलवायची असते, स्वतःची नसेल तर शेजारच्या नगरपरिषदेची. कुणी तरीही उतरवायला निघालं तर १४४२० या सफाईसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. हा फोन तुम्ही करा, त्याला करायला लावू नका.

खाडीकाठ:

समजलं. हे मी आजच संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सांगते, बाकी सगळं नंतर. माहिती अधिकाराचा अर्ज लिहून इथेच टाकते. १५० शब्दांत बसतो का आणि काही सुटलं आहे का, ते कृपया पाहाल का? आणि कुणाकडे आपल्या नगरपरिषदेच्या घनकचरा निविदेतली चलनाची अट असेल तर तिचे शब्द जसेच्या तसे द्या. आमच्या करारात ती मुळातच घातलेली नसेल तर पुढच्या निविदेआधी नगरसेवकांपुढे ठेवायला लागेल.